पियानोच्या तीन पट्ट्या मोडल्यात, मूळच्याच वाचवायच्यात

मुठाकाठची:

नमस्कार मंडळी. इथे वाद्यं खोलणारे आणि लाकडात हात घालणारे बरेच जण आहेत म्हणून धागा काढतेय.

आत्याचा जुना अपराइट, म्हणजे उभा, पियानो मागच्या महिन्यात गिरगावातून पुण्याला आमच्या घरी आणला. नावाची पाटी झिजलीय, फक्त लंडन एवढंच वाचता येतं. आत्यानं चाळीस वर्षं त्यावर शिकवण्या घेतल्या, आता माझी लेक शिकतेय. टेम्पोत पट्ट्यांवरचं झाकण बांधलेलं नव्हतं, बोरघाटात कुठंतरी ते उघडलं आणि वर ठेवलेलं लाकडी स्टूल पाय खाली करून थेट पट्ट्यांवर आलं.

तीन पट्ट्यांना लागलंय. (की न लिहिता पट्टीच लिहिते, नाहीतर वाचताना गोंधळ होतो.) डावीकडून मोजलं तर ४३ नंबरची काळी, म्हणजे मधल्या सी नंतरची दुसरी काळी, सरळ दोन तुकडे. तिच्या शेजारची ४२ पांढरी, पोटात चीर, दाबली की आधी वाकते आणि मग कुठं सूर लागतो तोही अर्धाच, वरच्या पांढऱ्या चकतीचा कोपरापण उडालाय पण तो तुकडा मी जपून ठेवलाय. आणि ४७ ला कडेनं लांब तडा.

सोसायटीत दुरुस्तीला येणाऱ्या एकानं ४३ वर इन्स्टंट ग्लू ओतून दिला, मी घरी नव्हते. आता ती पट्टी किंचित तिरकी चिकटलीय आणि मधल्या भोकात ग्लू जाऊन कडक झालाय त्यामुळं खिळ्यावर बसतच नाही. दोघातिघांनी सांगितलं नव्या करून घ्या. मला त्याच पट्ट्या हव्यात. जमेल का?

निनाद७:

ताई, चांगल्या सुताराला जुनी पट्टी समोर ठेवायला सांगा, सागवानाची डिट्टो कापून देईल, दोन दिवसांचं काम. चिकटवलेलं परत मोडणार, मग परत तेच. आमच्याकडे आजोबांच्या वेळच्या सागवानी खुर्च्या आहेत, अजून हलत नाहीत.

सुतारपक्षी:

निनादराव, सागवान खुर्चीला राजा, पण इथं नको.

मी कोल्हापुरात फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करायचो, तीस वर्षं. ज्या लाकडी नमुन्यावरनं वाळूत साचा पाडून बीड ओततात तो नमुना. रिटायर झाल्यावर एका शाळेचे दोन पियानो आणि एका चर्चचा एक असे तीन हाताखालनं गेलेत, त्या अनुभवावरनं बोलतो.

पियानोची पट्टी म्हणजे मुलांच्या बागेतला सी-सॉ. मधल्या खिळ्यावर तोललेली, पुढं तुमचं बोट, मागं हातोडीची सगळी यंत्रणा. सागवान वजनाला स्प्रूस लाकडाच्या जवळजवळ दीडपट, शिवाय त्यात तेल असतं त्यामुळं गोंद धरायला त्रास. म्हणून पट्ट्या स्प्रूस, शुगर पाइन, बासवुड असल्या हलक्या आणि सरळ रेषेच्या लाकडाच्या करतात. सगळ्या हलक्या आणि मधे एकच जड, बोटाला लगेच कळतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एका पियानोच्या सगळ्या पट्ट्या एकाच रुंद फळीतनं कापलेल्या असतात. लहान लहान फळ्या जोडून एक मोठी फळी करायची, तिच्यावर सगळ्या रेषा आखायच्या, खिळ्यांची भोकं पाडायची आणि मग करवतीनं सुट्या करायच्या. म्हणून ४२ आणि ४३ शेजारी ठेवून बघा, लाकडाच्या रेषा एकीतनं दुसरीत जाताना दिसतील. त्यात सगळ्या पट्ट्या सरळही नसतात, बऱ्याच मधनं तिरक्या वळलेल्या असतात. भोक अर्धा मिमी इकडंतिकडं गेलं तर पट्टी शेजारणीला घासते. नवी पट्टी करणारे लोक आहेत, करतात, पण मूळची हातात असताना ती टाकून द्यायची गरज नाही. ताईंचं म्हणणं बरोबर आहे.

ताई, तिन्ही पट्ट्यांचे कडेनं आणि खालनं फोटो टाका. आणि ४३ ला अजून कुणालाही हात लावू देऊ नका.

बर्फातला_मावळा:

टोरोंटोहून. इथे गेली दहा वर्षं नोकरी सांभाळून पियानो दुरुस्तीचं काम करतो, रीतसर शिकून. सुतारपक्षी काकांच्या शब्दाशब्दाला दुजोरा.

थोडी भर घालतो. पट्टी जवळजवळ नेहमी मधल्या खिळ्याच्या भोकाशीच मोडते कारण तिथं लाकूड सगळ्यात कमी उरलेलं असतं. खाली गोल भोक, त्याच्यावर आयताकृती खाच, आजूबाजूला जेमतेम काही मिमी लाकूड, आणि नेमका सगळा भार तिथंच. काळ्या पट्ट्या अरुंद म्हणून त्या आधी जातात.

ग्लूबद्दल. कुणीतरी ॲसिटोन सुचवेल, तो ग्लू ॲसिटोननं सुटतो हे खरं. पण जुन्या पियानोवरच्या पांढऱ्या चकत्या बऱ्याचदा सेल्युलॉइडच्या (जुन्या काळचं प्लास्टिक) असतात आणि ॲसिटोन सेल्युलॉइड विरघळवतो. एक थेंब पांढऱ्या चकतीवर सांडला तरी तिथं कायमचा डाग. त्यामुळं ॲसिटोन पियानोच्या आसपासही नको. सेल्युलॉइड भयंकर पेट घेतं, गरम इस्त्री, मेणबत्ती असलं काही जवळ नेऊ नका हेही सांगून ठेवतो.

एक प्रश्न: पांढऱ्या चकतीवर आडवी बारीक रेघ दिसते का, काळी पट्टी जिथं सुरू होते त्या जागी?

मुठाकाठची:

हो! प्रत्येक पांढऱ्या पट्टीवर आहे, केसाएवढी रेघ. मला वाटलं तडे आहेत सगळे.

बर्फातला_मावळा:

तडे नाहीत. म्हणजे बहुतेक हस्तिदंत आहे. पुढचा रुंद तुकडा वेगळा आणि मागचा अरुंद तुकडा वेगळा लावायचे, त्याचा तो सांधा. निरखून बघा, आत लाकडासारख्या बारीक रेषा दिसतील. ॲसिटोनचा धोका मग कमी, पण पाण्याचा वाढला, हस्तिदंत ओलाव्यानं वाकतं आणि उचकटतं. ओल्या फडक्यानं पुसू नका, किंचित दमट आणि लगेच कोरडं.

मांडवीकाठ:

गोव्याहून. आमच्या घरात आजीच्या वेळेपासून पियानो आहे, पट्ट्या अशाच दोन तुकड्यांच्या. आई दिवसा झाकण उघडं ठेवायची, अंधारात हस्तिदंत पिवळं पडतं म्हणून. ताई, तो उडालेला कोपरा मुळीच टाकू नका. बदली तुकडा बाजारात शोधायला जाऊ नका, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली हस्तिदंताची खरेदीविक्री गुन्हा आहे. हरवला तर साधा प्लास्टिकचा तुकडा घासून रंग मिळवून लावतात, दिसतं बरं.

आणि पियानो उघडलाच आहे तर फेल्ट बघून घ्या. आमच्याकडे एका वर्षी कसर लागली आणि पट्ट्यांखालच्या सगळ्या लोकरी चकत्या चाळणीसारख्या झाल्या.

मुठाकाठची:

फोटो टाकलेत. शनिवारी दुपारी दाराला कडी लावून बसले आणि स्वतः पट्ट्या काढल्या. आधी वरचं पॅनल, मग पट्ट्यांवरचं झाकण, मग त्यामागची लांब काठी, नंतर पट्टी पुढून उचलली की सुटून येते. मावळा यांनी निरोपात सांगितल्याप्रमाणे एकेक पट्टी काढताना खिळ्यात अडकलेल्या कागदी चकत्या तशाच ठेवल्या. हे माहीतच नव्हतं, प्रत्येक खिळ्यात फेल्टच्या खाली पातळ पातळ कागदाच्या गोल चकत्या, कुठे दोन, कुठे चार, काही तर टिश्यूपेक्षा पातळ. त्यावरच पट्टीची उंची ठरते म्हणे. कसर नाही, देवाची कृपा. पेन्सिली, केसाच्या पिना आणि एक जुना दहा पैशाचा शिक्का मात्र निघाला.

पट्ट्या मोजल्या, ८८ नाहीत, ८५ आहेत. प्रत्येकीवर नंबर ठोकलेला आहे. ४१, ४२, ४३, ४४ शेजारी शेजारी ठेवल्या आणि काका म्हणाले तसं खरंच दिसलं, एक तपकिरी रेष चारही पट्ट्यांतून तिरकी गेलीय. कितीतरी वेळ बघत बसले होते मी.

आता ४७ बद्दल. हिच्यात कडेला एक राखाडी गोल आहे, रुपयाच्या नाण्याहून लहान, त्यावर पांढरी पूड जमलीय. आणि तडा त्या गोलातूनच सुरू होतो. स्टूल तर तिथं पडलंच नव्हतं बहुतेक.

बर्फातला_मावळा:

ताई, आधी हात धुवा साबणानं. ती पूड शिशाची आहे, विषारी.

पट्टीचा तोल साधायला शिशाच्या गोळ्या ठोकतात. ग्रँड पियानोत जास्त, अपराइटमध्ये कुठं असतात कुठं नसतात. वर्षानुवर्षं दमट हवेत शिसं गंजतं, गंजलं की फुगतं, आणि लाकडाच्या पोटात बसून फुगलं की लाकूड रेषेतून फाटतं. तुमची ४७ स्टुलानं मोडलेली नाही, ती आतून फाटत आलीय, आज नाहीतर पुढच्या वर्षी गेलीच असती. नुसती चीर चिकटवलीत तर ते शिसं ती परत उघडणार. आधी शिसं काढायचं, मग चीर.

ही पट्टी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मुलीच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. कोरड्या पॉलिश पेपरनं घासू नका, फुंकर मारू नका. बाकीच्या ८४ पण तपासा.

मुठाकाठची:

तपासल्या. शिसं एकूण अकरा पट्ट्यांत आहे पण पूड फक्त ४७ आणि ५१ ला. ५१ ला अजून तडा नाही. हातमोजे घालून, ओलसर टिश्यूनं लाकडाचा भागच पुसून, टिश्यू बंद पिशवीत. लेकीला दोन दिवस त्या खोलीत येऊ दिलं नाही, ती रुसलीय.

काळी_दोन:

मी पेटी वाजवते आणि घरच्या पेट्या स्वतःच खोलते, त्यामुळं हा धागा अधाशासारखा वाचतेय. पेटीच्या पट्टीला हवेचं झाकण उघडायचं एवढंच काम, हातोडी उडवायची नसते, म्हणून आमच्याकडे पट्टी मोडण्यापेक्षा स्प्रिंग ढिली पडणं जास्त. तरी एका पट्टीला चीर गेली होती ती मी साध्या फेविकॉलनं जोडली, सहा वर्षं झाली, धरून आहे. पियानोला तेच चालेल ना? की सरसच लागतो? आमच्याकडे सासूबाईंना सरसाचं चालत नाही, जनावराच्या कातडीचा असतो म्हणून.

सुतारपक्षी:

चालतं. ताजी स्वच्छ चीर, दोन्ही तोंडं एकमेकात घट्ट बसतात, तर पांढरा सुतारी गोंद उत्तम धरतो. ज्याला सरस चालत नाही त्यानं तोच वापरावा, मनात काही आणू नये.

मी सरस का म्हणतो ते सांगतो. एक, सरस सुकताना आकसतो आणि सांधा आत ओढून घेतो. दोन, पांढरा गोंद सतत भार आला तर वर्षानुवर्षांत किंचित सरकतो, सरस सरकत नाही. तीन, आणि माझ्या लेखी हेच मोठं, सरस ऊब आणि ओलावा दिला की सुटतो. पन्नास वर्षांनी कुणाला ही पट्टी परत उघडावी लागली तर त्याला लाकूड न फोडता उघडता यावी. आपल्या आधी ज्यानं सरस लावला त्यानं आपल्याला ती सोय ठेवली, आपण पुढच्याला ठेवायची. मिरजेत तंतुवाद्यं करणाऱ्यांकडं सरसाचं भांडं बघत मी लहानाचा मोठा झालो, आजोळ तिथलं.

इन्स्टंट ग्लूनं हेच वाटोळं होतं. तो पातळ असतो, रेषांत खोल शिरतो आणि लाकडाची तोंडं बंद करतो. मग त्याच्यावर सरस लावा नाहीतर फेविकॉल, आत मुरायला जागाच नाही. शिवाय ठिसूळ, पट्टीला दिवसात हजार ठोके बसतात.

ताई, ४३ अवघड आहे, खोटं सांगत नाही. पण जाईल असं नाही. तुम्ही कोल्हापूरला येणं जमवा. पैशाबिशाचं बोलू नका.

मुठाकाठची:

काका, येते. पुढच्या रविवारी अंबाबाईचं दर्शनही होईल. काय काय आणू?

सुतारपक्षी:

चारही पट्ट्या, आणि त्यांच्या दोन्ही बाजूच्या चांगल्या पट्ट्या मापाला. मधला एक खिळा पक्कडीनं हळू ओढून निघत असेल तर तो, नाहीतर व्हर्निअरनं त्याची जाडी मोजून आणा. उडालेला कोपरा. बाकी सगळं आहे.

मुठाकाठची:

परवा रात्री कोल्हापूरहून आले. जे बघितलं ते सविस्तर लिहिते, ज्यांच्याकडे अशी पट्टी असेल त्यांना उपयोग होईल.

पट्ट्या आत्याच्या एका जुन्या इरकल साडीत गुंडाळून नेल्या होत्या. काकांची शेड घरामागेच, भिंतीवर रंधे, पटाश्या, गुण्या, सगळं आपापल्या खुंटीला. खिळा निघाला नव्हता, जाडी मोजून नेली होती, ३.६ मिमी. काकांनी त्या मापाची स्टीलची सळी काढली, तिला मेण चोळलं आणि बाजूला ठेवली.

आधी ४२, कारण ती सोपी. सरस आदल्या रात्रीच गार पाण्यात भिजत घातला होता, दाणे फुगून साबुदाण्यासारखे झाले होते. भांड्यात पाणी, त्या पाण्यात दुसरं लहान भांडं, त्यात सरस. मंद आच, थर्मामीटर लावलेला, ६० अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही, उकळला तर त्याची ताकद जाते. वास मात्र उग्र. ब्रशवरून एकतारी पाकासारखा सलग पडायला लागला तेव्हा काका म्हणाले आता. हेअर ड्रायरनं पट्टी कोमट केली, कारण गार लाकडावर सरस लगेच गोठतो. मग पट्टी हलकेच वाकवून चीर उघडली, ब्रशनं सरस सोडला, चीर मिटवली, परत उघडली, परत मिटवली, आणि दुसऱ्या बाजूनं सरसाचे बारीक मणी बाहेर आले. ते मणी दिसले की आत सगळीकडे पोचला. भोकात मेण लावलेली सळी घातली म्हणजे भोक बुजणार नाही आणि दोन्ही भाग सरळ रेषेत राहतील. बटर पेपर गुंडाळला, दोन्ही बाजूंना सपाट लाकडी पट्टे आणि त्यावरून सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब फीत ताणून गुंडाळली. मी विचारलं क्लॅम्प का नाही, तर म्हणाले तिरका सांधा क्लॅम्पनं घसरतो आणि फार आवळलं तर सगळा सरस बाहेर येऊन सांधा उपाशी राहतो, ट्यूब सगळीकडून सारखी धरते. ही सगळी धांदल अर्ध्या मिनिटाची, त्यांचे हात बघत राहावे असे.

४३ ला तीन तास लागले. चुकीचा सांधा आधी परत मोडला, एका बाजूनं टेबलाच्या कडेला टेकवून एकच नेमका टोला, ग्लू ठिसूळ असल्यानं तिथूनच सुटली. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. मग भिंग लावून पटाशीच्या टोकानं नुसता ग्लू खरवडला, लाकडाला धक्का न लावता. तरी तोंडं चकचकीतच राहिली, रेषांत गेलेला ग्लू काही निघत नाही. म्हणून त्या सांध्याला सरस लावलाच नाही, सावकाश वाळणारं इपॉक्सी लावलं, ते मुरायची वाट बघत नाही. मेणाची सळी, बटर पेपर, ट्यूब, रात्रभर.

पण काका म्हणाले हा सांधा एकटा भार घेणार नाही, भार नव्या लाकडावर द्यायचा. सकाळी दोन्ही बाजूंनी भोकाच्या आजूबाजूचा साधारण १२ सेंटिमीटर भाग एक मिमी खोल रंध्यानं उतरवला, खाली ग्लू न लागलेलं ताजं लाकूड आलं, आणि त्यावर बीच लाकडाचा एक मिमीचा पातळ पापुद्रा सरसानं बसवला, रेषा पट्टीच्या लांबीतच. जेवढं काढलं तेवढंच लावलं म्हणजे जाडी वाढत नाही, नाहीतर शेजारच्या पट्टीला घासली असती. तळाशी भोकाची कड तुटली होती तिथं २ मिमीचं बीचचं ठिगळ आत बसवून हातानं नवं भोक. आधी लहान, मग थोडं मोठं, मग गोल कानशीनं दोन फेरे आणि सळीवर घालून बघायचं, परत एक फेरा. शेवटी पट्टी उभ्या सळीवर सोडली तर स्वतःच्या वजनानं सावकाश खाली उतरली, अडकली नाही, पडलीही नाही. काका म्हणाले हे बघायला ये इकडं, आणि माझ्या हातानं तीनदा करायला लावलं.

४७ आणि ५१ चं शिसं त्यांनी मला लांब उभं करून अंगणात काढलं, मास्क, हातमोजे, पाण्याचे थेंब सोडत, हातगिरमिटानं मधे भोक पाडून शिसं आतल्या आत दाबलं आणि मग ढकललं. एकेक गोळी साधारण १४ ग्रॅम भरली. तेवढ्याच वजनाचं नवं शिसं त्याच जागी, पण किंचित सैल आणि कडेनं दोन थेंब गोंद, म्हणजे फुगलं तरी लाकडाला रेटणार नाही.

काल घरी बसवल्या. पितळेचं ५० ग्रॅमचं वजन पट्टीच्या पुढच्या कडेला ठेवायचं, उजवा पेडल दाबून, पट्टी सावकाश खाली गेली पाहिजे. ४१ जाते तशीच ४३ जाते. ४२ ला सूर पूर्ण लागतो. ४७ थोडी डावीकडे डुलते आहे अजून. लेकीला विचारलं कुठली पट्टी मोडलेली होती ते वाजवून सांग, तिला ४२ आणि ४७ सापडल्या, ४३ सापडली नाही.

बर्फातला_मावळा:

वाचून भरून आलं. ४३ ला जे केलंय ते इथल्या चांगल्या वर्कशॉपमध्येही असंच करतात. ४७ डुलतेय म्हणजे पुढच्या खिळ्याभोवतीचं लोकरी कापड झिजलंय. खिळा पक्कडीनं फिरवून तात्पुरतं घट्ट करता येतं कारण तो लंबगोल असतो, पण ते करू नका, कापडावर खिळ्याची कड घासत राहते. ते कापड बदला, पट्टीतली खाच तशीच ठेवा.

निनाद७:

ताई, मी सागवानाचं सुचवलं होतं, माझी चूक झाली. फळीचं आणि रेषांचं वाचल्यावर डोक्यात प्रकाश पडला. काका, एकदा तुमची शेड बघायला येऊ का?

सुतारपक्षी:

या की. जेवायलाच या.

ताई, एक राहिलं. पट्ट्या वाचवल्या पण पुण्याच्या हवेचं बघा. एप्रिल-मे मधे दुपारी आर्द्रता २५ टक्क्यांपर्यंत उतरते, जुलैत ८५ पर्यंत चढते. लाकूड तेवढं आकसतं आणि तेवढं फुगतं. मुंबईत वर्षभर दमट, तिथं तो पियानो रुळलेला होता.

मुठाकाठची:

काका, हे तुम्ही लिहिलंत आणि मी परत जाऊन एक नंबरची पट्टी काढून बघितली. तिच्या कडेवर पेन्सिलीनं ट्यूनर लोकांनी लिहून ठेवलंय, वेगवेगळी अक्षरं, वर्षं पुसट, महिने नीट दिसतात. जुलै, ऑगस्ट, जुलै, जुलै, सप्टेंबर, ऑगस्ट. एकही उन्हाळ्यातली नाही. दर पावसाळ्यात पट्ट्या चिकटायच्या आणि आत्या माणूस बोलवायची.

मांडवीकाठ:

आमच्याकडे पावसाळ्यात खालच्या पॅनलच्या आत छोटा बल्ब लावून ठेवत, पंधरा वॉटचा, दिवसरात्र. त्या उबेनं दमटपणा कमी राहतो. आता एलईडीनं ते होत नाही, ऊबच येत नाही, तारेचा जुना बल्बच पाहिजे. लाकडाला, फेल्टला टेकू देऊ नका, जाळीच्या आत लावा. उन्हाळ्यात मात्र बंद, नाहीतर उलटा त्रास.

बर्फातला_मावळा:

बरोबर. आणि एक साधा आर्द्रतामापक घ्या, ४० ते ५५ च्या दरम्यान ठेवायचा प्रयत्न करा. आमच्याकडे उलटं, हिवाळ्यात हीटर सुरू झाला की आर्द्रता २० पर्यंत उतरते आणि पट्ट्या खुळखुळ्यासारख्या वाजतात, मग हवेत ओलावा सोडावा लागतो.

काळी_दोन:

ताई, पाऊस सुरू झाला की कळवा हं. ४३ कशी वागते ते वाचायचंय.

मुठाकाठची:

जुलै. आज सकाळी मापक ८१, बल्ब लावल्यावर पियानोच्या आत ६४. ४३ व्यवस्थित वर येते, जलद वाजवलं तरी. ४७ चं कापड बदललं, आता डुलत नाही. ४२ चा हस्तिदंताचा कोपरा काकांनी सांगितल्याप्रमाणे पांढऱ्या कागदाची बारीक चिठ्ठी खाली घालून सरसानं लावला, सांधा दिसतो पण बोटाला लागत नाही.

४५ मात्र कालपासून वर यायला वेळ घेतेय. ही मोडलेली नव्हती. पुढून हलवली तर जागचीच घट्ट वाटते, बहुतेक पुढच्या खाचेतली फेल्ट फुगलीय. आज लेक शाळेतून आली की दोघी मिळून काढून बघतो.